ग्रँड कॅनियन: बाबांना घेऊन कुठपर्यंत उतरावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही फिनिक्सला असतो. आई-बाबा साताऱ्याहून आलेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, दोन रात्री मुक्काम आहे. राहण्याचं, गाडीचं सगळं झालंय. प्रश्न बाबांचा आहे.

बाबा ६६ वर्षांचे. तरुणपणी सह्याद्री पालथा घातलेला, अजूनही रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येतात. बीपीची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. यूट्यूबवर ब्राइट एंजल ट्रेल बघून त्यांनी हट्ट धरलाय की कोलोरॅडो नदीत पाय बुडवायचे आणि संध्याकाळी वर यायचं. "अरे, खेचरं जातात त्या वाटेनं, एवढी रुंद आहे. मी काय खेचरापेक्षा गेलेला?" आईचे गुडघे दुखतात, ती काठावरूनच बघणार आहे.

मी फक्त एकदा, तेही जानेवारीत, दीड मैलावरच्या निवाऱ्यापर्यंत गेलोय. उतरायला पाऊण तास, चढायला दीड. पण "तू ऑफिसात बसणारा माणूस" म्हणून माझा अनुभव बाद. बाबांना पटेल असं काही सांगा. आणि नदी नाही तर मग कुठपर्यंत न्यावं? आईसाठीही काही सुचवा.

प्रतिसाद १

मे महिन्यात नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत? अजिबात नको. पार्कवाले स्वतःच पाट्या लावून हे करू नका म्हणतात.

काकांना त्यांच्याच भाषेत सांगा. गड आधी चढायचा असतो. दम लागला की ताकवाल्या मावशींपाशी बसायचं, नाहीच जमलं तर मागे फिरायचं, उतार घरी आणून सोडतो. इथे गड उलटा टांगलाय. सकाळी गार हवेत, ताज्या पायांनी उतार. मग दुपारी, थकल्यावर, चार हजार फुटांहून जास्त चढ. त्यात ब्राइट एंजलची सुरुवातच ६,८६० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर. तिथली हवा विरळ, आणि खाली नदीकाठी सावलीतही पारा पस्तिशीच्या पुढे. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरा. तुमचा जानेवारीचा हिशोब अगदी बरोबर होता.

माझं मत: साउथ कैबाब ट्रेलने सीडर रिजपर्यंत जा. जाऊन-येऊन तीन मैल, उतार साधारण ११०० फूट. वाट धारेवरून जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दरी उघडी दिसते, ब्राइट एंजलला सुरुवातीला ते सुख नाही. मात्र वाटेवर पाण्याचा थेंब नाही आणि सावलीही नाही, सगळं पाणी वरूनच न्या. तिथे खासगी गाडी नेता येत नाही, पार्कची फुकट बस असते. पहाटेची पकडा, दहाच्या आत वर या.

काकूंसाठी काठावरचा रिम ट्रेल. बराचसा सपाट, डांबरी. त्यातल्या 'ट्रेल ऑफ टाइम' भागात एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि त्या त्या काळाचे दगड वाटेवर मांडलेत. हात लावून बघता येतात.

प्रतिसाद २

नुसतं पाणी पीत राहू नका, अंगातलं मीठ उतरून माणूस गळून पडतो. खारे दाणे, चिवडा घ्या. काकांची बीपीची गोळी कुठली आहे ते बघून डॉक्टरांशी आधी बोला. मीठ-पाण्याचं प्रमाण त्यांनीच सांगितलेलं बरं.

खेचरं आली तर डोंगराच्या बाजूला चिकटून गप्प उभं राहायचं, कड्याच्या बाजूला नाही. आणि खारींना दाणे देऊ नका, चावतात.

धागाकर्ता

खूप आभार. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. 'उलटा टांगलेला गड' ऐकून दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "बरं, सीडर रिज. पण बॅग मी उचलणार."

आता एक उपप्रश्न: तिघांच्या पाण्यासह बॅग सहा-सात किलोंची होईल. ती त्यांच्या पाठीवरून काढायची कशी?