मार खाणारा नवरा 'काल्पनिक प्राणी' आहे का?

भांडुपकर: काल इथे एकीनं लिहिलं, 'मार खाणारा नवरा हा काल्पनिक प्राणी, पुरुषांच्या ग्रुपवरच दिसतो.' तेव्हापासून डोकं भणभणतंय. तो प्राणी माझा धाकटा भाऊ आहे. बायकोनं कुकरचं झाकण फेकून मारलं, भुवईवर तीन टाके. पोलीस ठाण्यात हवालदार हसला, 'वहिनींना साडी घेऊन द्या.' कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात पीडित म्हणजे फक्त स्त्री. टाके काय बघून घालतात?

लालबागची लेक: ते मीच लिहिलं होतं. भावाचं वाईट वाटलं, खरंच. पण मारहाणीचं कलम बाई-बुवा बघत नाही. भारतीय न्याय संहितेतलं कलम ११५ लावायचं. हवालदार हसला हा हवालदाराचा दोष. आणि २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलंय. सारखं कसं मोजायचं?

भांडुपकर: त्यात पुरुषांना 'तुम्ही मार खाल्ला का' असं विचारलं तरी का? आणि ११५ अदखलपात्र आहे, ताई, कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपासच करत नाहीत. एनसी, म्हणजे नुसती नोंद, लिहून कागद हातात देतात. त्यात काय भजी बांधू?

सातबावन्नची स्लो: अहो, मारहाण बाजूला ठेवा, खरं बळ त्या २००५ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, राहत्या घरात राहायचा हक्क. माझ्या मावशीनं बावीस वर्षं मार खाल्ला, कारण माहेरी दहा बाय दहात झोपायला जागा नव्हती. रात्री नवरा बाहेर काढायचा, ही चाळीच्या गॅलरीत बसून राहायची. सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. दार एकानंही वाजवलं नाही. आमच्यासकट.

गिरगावकर काका: खोलीचा विषय निघालाच आहे तर ऐका. २००६ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरावर सुनेचा हक्क नाही. २०२० ला फिरवलं. आता पागडीच्या माझ्याच खोलीत मी चोरासारखा वावरतो. त्यात बिल्डरनं सात वर्षं इमारत अर्धवट टाकलीय.

लालबागची लेक: काका, बिल्डर राहू द्या. काकूंना सुनेविरुद्ध तक्रार करता येते. २००५ च्या कायद्यात आधी तक्रार 'प्रौढ पुरुषा'विरुद्धच करायची होती, २०१६ ला सुप्रीम कोर्टानं ते शब्दच काढून टाकले. मुंबई हायकोर्टातून वर गेलेली केस, मायलेकींची.

गिरगावकर काका: म्हणजे बायको करणार, मी नाही. वा!

भांडुपकर: बघा! बाई मारू शकते हे कोर्टाला पटून इतकी वर्षं झाली. पण बुवा मार खाऊ शकतो, हे मात्र काल्पनिक?

लालबागची लेक: उगाच चढू नका. 'काल्पनिक' शब्द मागे घेते, खूश? 'मारहाण करू नको' असा कोर्टाचा संरक्षणाचा आदेश द्या तुमच्या भावालाही. पण बाईच्या घरात राहायच्या हक्काला हात लावायचा नाही. उद्या मारकुटाच आधी कोर्टात धावेल, 'मीच पीडित', आणि मावशी परत गॅलरीत.

सातबावन्नची स्लो: हे होणारच. लिहून ठेवा.

भांडुपकर: भाऊ चार महिने माझ्या हॉलमध्ये झोपतोय. वन बीएचके, आम्ही चौघं आणि तो. ज्या घरातून निघाला त्याचा हप्ता अजून तोच भरतोय.

लालबागची लेक: हे आधी का नाही सांगितलंत?

भांडुपकर: विचारलंत कुठे?

गिरगावकर काका: बिल्डरच्या केसेस घेणारा कोणी वकील आहे का ओळखीत?