मुलांना घरी चित्रे पाहायला कशी शिकवावीत? ख्रिस्ती पालकांचे अनुभव हवे आहेत

नगरची आई (प्रश्न)

सर्वांना जय ख्रिस्त. आमची मुलगी दहा वर्षांची आहे आणि मुलगा सात वर्षांचा. शाळेत दोघांनाही चित्रकलेचा तास असतो, परंतु तिथे चित्र काढायला शिकवतात. दुसऱ्याने काढलेले चित्र पाहावे कसे, हे कोणी शिकवत नाही. रविवारी उपासनेहून परतल्यावर दुपारचा अर्धा तास यासाठी ठेवावा, असे आम्ही उभयतांनी ठरवले आहे. मात्र काही शंका आहेत.

आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या परंपरेतली आहे. मंदिराच्या भिंती पांढऱ्या आणि समोर एक साधा लाकडी क्रूस, एवढेच आम्ही लहानपणापासून पाहिले. त्यामुळे घरात येशूची चित्रे दाखवणे बायबलमधील दुसऱ्या आज्ञेत (मूर्ती करू नये, तिच्या पाया पडू नये) बसते का, असे माझे सासरे विचारतात आणि त्यांचा प्रश्न मला टाळायचा नाही. दुसरे असे की, केवळ बायबलमधील प्रसंगांची चित्रे घ्यावीत की इतरही? शिवाय चित्राचा उपयोग गोष्ट आणि बोध सांगण्यासाठी करावा, की चित्र चित्र म्हणूनच पाहू द्यावे? आणि शेवटचे, आमच्या घरातील जुन्या कॅलेंडरांवरचा येशू गोरापान, निळ्या डोळ्यांचा आहे. मुलीने परवा विचारले की येशू इंग्रज होता का. तिला काय दाखवावे?

वसईचा ड्रॉइंग मास्तर

ताई, मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे आणि कॅथलिक आहे, तेव्हा दुसऱ्या आज्ञेविषयी दुसऱ्या कोणी लिहावे. मी पाहण्याविषयी लिहितो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मी पुष्कळ मुले बसवली. त्या परीक्षांनी मुलांचा हात तयार होतो, डोळ्यांकडे मात्र आपण सगळेच दुर्लक्ष करतो.

इंग्लंडमध्ये शार्लट मेसन नावाच्या ख्रिस्ती शिक्षिकेने (निधन १९२३) घालून दिलेली पद्धत मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. एका सत्रात एकच चित्रकार आणि त्याची साधारण सहा चित्रे घ्यायची. चित्र मुलांसमोर ठेवायचे, काहीही न सांगता त्यांना मनसोक्त पाहू द्यायचे, मग ते पालथे घालायचे आणि काय काय पाहिले ते आठवून सांगायला लावायचे. ‘हे चित्र तुला आवडले का?’ हा प्रश्न सुरुवातीला अजिबात विचारू नये, कारण त्याचे उत्तर हो किंवा नाही असे देऊन मूल मोकळे होते.

बोधाविषयी माझे मत जरा कठोर आहे. गोष्ट आधी सांगितली की मूल चित्रात फक्त ती गोष्ट शोधते आणि सापडली की पाहणे थांबवते. डच चित्रकार रेम्ब्रांटचे उधळ्या पुत्राच्या परतण्याचे चित्र घ्या; बापाची संपत्ती उधळून घरी परतलेल्या मुलाचा हा येशूने सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा. सुमारे १६६८ सालचे, म्हणजे चित्रकाराच्या आयुष्याच्या अगदी अखेरचे हे चित्र रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. मुलांना आधी दाखल्याचे नाव सांगू नका. गुडघे टेकलेल्या मुलाचे डोके जवळजवळ भादरलेले आहे, एका पायातील पादत्राण निसटून तळवा उघडा पडला आहे, कपड्यांच्या चिंध्या झाल्या आहेत आणि तरीही कमरेला एक लहानसा खंजीर शिल्लक आहे, हे त्यांचे त्यांना दिसू द्या. बापाचे दोन्ही हात मुलाच्या पाठीवर आहेत, पण ते एकसारखे नाहीत. एक रुंद आणि घट्ट आहे, दुसरा नाजूक आणि हलका. हे बहुतेक वेळा मोठ्यांच्या आधी मुलांच्या लक्षात येते. उजवीकडे लाल झगा घालून, हात एकमेकांवर ठेवून, एक माणूस ताठ उभा आहे. तो कोण असेल, यावर दोघांना हवा तेवढा वाद घालू द्या. त्यानंतर लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढा आणि मुलीलाच मोठ्याने वाचायला सांगा. थोरला भाऊ घरात यायला तयार नव्हता, इथपर्यंत ती आली की लाल झग्याचा माणूस तिला आपोआप आठवेल आणि बोध वेगळा सांगण्याची गरजच उरणार नाही.

आणखी एक सूचना. मोबाइलच्या पडद्यावर हे चित्र तळहाताएवढे दिसते, प्रत्यक्षात ते सुमारे २६२ सेंटिमीटर उंच आणि २०५ सेंटिमीटर रुंद आहे. अंगणात किंवा गच्चीवर खडूने तेवढा चौकोन आखा आणि मुलांना त्यात उभे राहू द्या.

बायबलबाहेरच्या चित्रांना माझा तरी विरोध नाही. फ्रेंच चित्रकार मिलेचे ‘आंजेलस’ (१८५७–५९, आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात) पाहा. बटाटे काढणारे एक जोडपे, जमिनीत रोवलेला काटा, हातगाडीवरची पोती आणि क्षितिजावर चर्चचा अस्पष्ट मनोरा. संत नाही, देवदूत नाही. संध्याकाळची घंटा झाली म्हणून दोघे हातातले काम सोडून प्रार्थनेला थांबले आहेत, एवढेच. शेतात घंटा ऐकू आली की आपली आजी सर्वांना काम थांबवायला लावीत असे, या आठवणीतून हे चित्र आले, असे मिलेने स्वतः लिहून ठेवले आहे. आमच्याकडच्या वृद्धांना त्या घंटेचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

संडे स्कूल, पुणे

ताईंच्या सासऱ्यांच्या प्रश्नाचा आदर करूनच लिहितो, कारण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात मूर्ती करण्याची मनाई आणि तिच्या पाया पडण्याची मनाई एकत्र येते. त्याच पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात कराराच्या कोशावर सोन्याचे करूब (पंख असलेले स्वर्गीय दूत) करण्याची आज्ञा आहे आणि ३१ व्या अध्यायात देव बसालेलाला नाव घेऊन बोलावतो आणि कारागिरीसाठी त्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण करतो. म्हणजे हाताच्या कौशल्याला तिथे पूर्ण मान आहे. आक्षेप भक्तीच्या जागी वस्तू बसवण्यावर आहे. देवाचे चित्र काढण्यास कडवा विरोध करणाऱ्या कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारकानेही शिल्प आणि चित्र या देवाच्या देणग्या आहेत, असे लिहिले आहे. तरीही सासऱ्यांना ख्रिस्ताचे चित्र पटत नसेल, तर त्यांच्यावर लादू नये. त्यांना सोबत घेऊन चालणारा दुसरा मार्ग आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलंडमध्ये कॅल्व्हिनच्या विचारांच्या सुधारणावादी मंडळ्यांनी मंदिरांतील चित्रे आणि मूर्ती काढून भिंती पांढऱ्या केल्या. पण चित्रकला त्यामुळे संपली नाही, ती लोकांच्या घरांत गेली आणि भाकरी, सुरई, समुद्र, अंगण, पत्र वाचणारी बाई यांच्याकडे लक्ष देऊ लागली. पीटर सानरेडाम (१५९७–१६६५) या चित्रकाराने तर त्या पांढऱ्या मंदिरांचीच चित्रे काढण्यात बहुतेक आयुष्य घालवले. असेंडेल्फ्ट गावातील मंदिराचे त्याचे १६४९ चे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे. उंच कमानी, कुठेही सजावट नाही, दूरवर उपदेश ऐकत बसलेली इवली इवली माणसे आणि पुढच्या बाजूला फरशीत एक थडग्याची शिळा; ती चित्रकाराच्या स्वतःच्या वडिलांची आहे. पांढरा रंग एकच असूनही त्यात पिवळसर, राखाडी, गुलाबी अशा किती छटा आहेत, हे मुलांना मोजायला सांगा आणि पुढच्या रविवारी आपल्या मंदिराच्या भिंतींकडे पाहायला सांगा. माझ्या मते तुमच्या घरासाठी पहिले चित्र हेच असावे, आणि ते सासऱ्यांनीच मुलांसमोर ठेवावे.

मांडवीकाठचा वाचक

गोऱ्या येशूविषयी. मुलीला उत्तर देण्यापेक्षा तीन चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत.

पहिले आंजेलो द फोन्सेका यांचे. ते १९०२ साली गोव्यात जन्मले, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी बरेच काम केले. १९६७ साली त्यांचे निधन झाले. त्यांची मरिया साडी नेसते, तिचा वर्ण आणि बसणे आपल्याकडच्या बाईचे आहे. याबद्दल त्या काळी गोव्यात त्यांच्यावर टीकाही झाली. त्यांची अनेक चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेली आहेत. दुसरे हेन्री ओसावा टॅनर या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराचे, मरियेला देवदूताचा संदेश मिळतो त्या प्रसंगाचे (१८९८, फिलाडेल्फिया संग्रहालय). पॅलेस्टाइनचा प्रवास करून आल्यावर त्याने ते काढले. अस्ताव्यस्त अंथरुणावर एक बावरलेली किशोरी बसली आहे आणि गब्रिएल दूताला पंख नाहीत, चेहरा नाही. तो केवळ प्रकाशाचा उभा झोत आहे.

तिसरे मुलांना फार आवडेल. १५८० साली जेझुइट धर्मगुरू अकबराच्या दरबारी आले तेव्हा त्यांच्यासोबत युरोपीय छापील चित्रे आली आणि मुघल चित्रकारांनी ती बारकाईने अभ्यासली. अबुल हसन या मुलाने १६०० च्या सुमारास जर्मन चित्रकार ड्यूररच्या क्रूसावरील दृश्यातून येशूचा शिष्य संत योहान याची आकृती उतरवली, तेव्हा तो तेराव्या वर्षात होता. हे रेखाचित्र ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. मुलीला सांगा, तुझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा मुलगा.

‘मग खरा येशू कसा दिसत होता?’ असे ती नक्की विचारेल. शुभवर्तमानांत त्याच्या चेहऱ्याचे वर्णन नाही आणि तो गालीलातला यहूदी होता, एवढे प्रामाणिकपणे सांगणे पुरे.

नगरची आई

सर्वांचे मनापासून आभार. असेंडेल्फ्टचे चित्र सासऱ्यांना दाखवले. ते बराच वेळ ती शिळा शोधत होते. एक गोष्ट मात्र विचारायची राहिली. जुन्या चित्रांतील उघड्या शरीरांचे काय करावे?

वसईचा ड्रॉइंग मास्तर

वय पाहून निवड करा, पण घाईघाईने हात आडवा धरू नका. त्यानेच मुलांना चित्रात काहीतरी वाईट आहे असे वाटते. मुलगी थोडी मोठी झाली की फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची चॅपेलमधील मासाच्चोचे, आदाम आणि हव्वा एदेन बागेतून बाहेर पडतात ते भित्तिचित्र (सुमारे १४२५) दाखवा. आदाम शरीर झाकत नाही, दोन्ही हातांनी तोंड झाकतो. हव्वा शरीर झाकते आणि आक्रोश करते. त्यांची लाज दाखवण्यासाठीच ते उघडे आहेत आणि उत्पत्तीचा तिसरा अध्याय तेच सांगतो. पुढे सतराव्या शतकात कोणीतरी त्यावर पाने रंगवली, ती १९८० च्या दशकातील दुरुस्तीत काढली गेली. पाने असलेला आणि नसलेला असे दोन्ही फोटो मिळतात. कोणता दाखवायचा, ते तुम्ही उभयतांनी ठरवा. सात वर्षांच्या मुलासाठी सध्या मिलेचे बटाटे पुरेसे आहेत.