'विकर वाढले' लिहिलं, बहिणीनं 'विकार वाढला' वाचलं : एन्झाइम मार्कर आणि प्रॉग्नोसिसला मराठीत काय म्हणावं?

खानापूरची_बाई
नमस्कार मंडळी. माझ्या मावसबहिणीची मुलगी, वय १९. पोट फुगलं म्हणून बेळगावला दाखवलं तर उजव्या अंडाशयाला गाठ. ऑपरेशन झालं, तपासणीत डिसजर्मिनोमा आला, म्हणजे बीजपेशींपासून होणारा अंडाशयाचा कॅन्सर. रिपोर्ट सगळे इंग्रजीत, माहितीपत्रक कन्नडमध्ये. बहीण मराठी चौथी शिकलेली. म्हणून मी वहीच्या पानावर मराठीत लिहून दिलं : 'एलडीएच हे विकर वाढले होते. पूर्वानुमान चांगले आहे.' पहिल्या ओळीलाच ती मटकन खाली बसली. "विकार वाढलाय म्हणून लिवलंस की गं!" दुसऱ्या ओळीपर्यंत पोचलीच नाही. पोचली तेव्हा विचारलं, "पूर्वानुमान म्हणजे पूर्वी काय झालं ते होय?"
आता दुसरं पान लिहायचं आहे. एन्झाइम (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन), मार्कर (दुखण्याचा सुगावा देणारी रक्तातली गोष्ट), प्रॉग्नोसिस (दुखणं पुढं कसं जाईल त्याचा अंदाज), तिन्हींना शब्द सुचवा. सोमवारी परत दाखवायला जायचं आहे.

शहापूर_गल्ली
बाई, तुमचा शब्द बरोबर आहे. विकर म्हणजे एन्झाइम, शाळेत आम्ही हेच शिकलो. वाचणाऱ्याची चूक झाली म्हणून शब्द टाकून द्यायचा नसतो. आपण इथं पाटीवरच्या मराठीसाठी भांडतो आणि वहीच्या पानावर मात्र लगेच इंग्रजी घेतो, हे मला पटत नाही. शब्द वापरला तरच रुळतो.

निपाणीचा_लॅबवाला
वीस वर्षं रक्त तपासतोय. एकाही पेशंटच्या तोंडून 'विकर' ऐकलेलं नाही. मराठी विश्वकोशातली नोंदसुद्धा 'एंझाइमे' याच नावानं आहे, मग आपण का अडायचं? आणि विकर, विकार दोन्ही एकाच धातूचे, वि अधिक कृ. बदलवणारं ते विकर, बिघडलेला बदल तो विकार. ताईंनी चुकीचं वाचलं असं मी म्हणणार नाही, शब्दच तसा घडवलाय.
मूळ विषयाचं सांगतो. एलडीएच जवळजवळ सगळ्याच पेशींत असतं. पेशी फुटल्या की ते रक्तात येतं. डिसजर्मिनोमाच्या पेशी झपाट्यानं वाढतात आणि मरतात, म्हणून त्यात एलडीएच चढतं. पण लिव्हरच्या दुखण्यात चढतं, स्नायूला मार लागला तरी चढतं. म्हणून मार्करला 'खूण' म्हणू नका. खूण म्हटली की माणूस म्हणतो सापडला चोर. 'दर्शक' बरा.
आणखी एक. तांबड्या पेशींत एलडीएच ठासून भरलेलं असतं. बारीक सुईनं जोरात रक्त ओढलं, किंवा ट्यूब गाडीवरून आदळत आली, की पेशी फुटतात. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी, फिकट पिवळं दिसायला हवं, ते गुलाबी दिसतं. त्यावरचा आकडा खोटा चढलेला असतो. असं सीरम दिसलं की मी परत रक्त मागवतो, लोक माझ्यावर चिडतात. बाई, दुसऱ्या वेळी आकडा वर आला तर घाबरण्याआधी नमुना कसा होता ते विचारा.

चिकोडी_दोन्हीभाषी
कन्नडमध्ये एन्झाइमला 'किण्व' म्हणतात. संस्कृतात किण्व म्हणजे दारू गाळताना घालायचं आंबवण, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकरणात आहे. आणि एन्झाइम या ग्रीक शब्दाचा अर्थही 'खमिरातलं' असाच. म्हणजे कन्नडनं अर्थ नेमका उचलला. आपण मराठीत आंबण्याला 'किण्वन' म्हणतोच, मग किण्व घ्यायला काय हरकत? विकाराशी गोंधळही नाही.

शहापूर_गल्ली
कन्नडमधून घ्यायचं असेल तर स्पष्ट म्हणा.

चिकोडी_दोन्हीभाषी
शब्द संस्कृत आहे हो. शेजाऱ्यानं आधी वापरला एवढंच.

अनगोळहून_मी
आईला २०१९ मध्ये अंडाशयाचा कॅन्सर झाला, तिसऱ्या स्टेजचा. त्याचा रक्तातला मार्कर सीए-१२५. आमच्या घरात 'सीए-१२५ किती आलं' हा रोजचा प्रश्न होता. तेही विकरच ना? शब्दाचं विचाराल तर कोणीच 'पूर्वानुमान' म्हणालं नाही. आई विचारायची, "गुण येईल का?" डॉक्टर कन्नड बोलणारे, तेही म्हणायचे, "गुण आगतेति", म्हणजे गुण येतो. तो एक शब्द दोघांना सारखा कळायचा.

निपाणीचा_लॅबवाला
सीए-१२५ एन्झाइम नाही, ते पेशीवरचं साखर जोडलेलं मोठं प्रथिन. १९८१ मध्ये ते ओळखलं गेलं. ३५ च्या आत असावं म्हणतात, पण पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याच्या दुखण्यात), पोटाच्या टीबीतही वाढतं. एकट्या आकड्यावर कुणाचं पुढचं सांगता येत नाही. स्टेज कुठली, ऑपरेशनमध्ये गाठ सगळी निघाली का मागे राहिली, यावर जास्त अवलंबून असतं.
'गुण' छान आहे, पण 'गुण येणं' म्हणजे औषध लागू पडणं. प्रॉग्नोसिस त्याहून वेगळं. एक मार्कर सांगतो की दुखणं कोणत्या वळणाचं आहे, दुसरा सांगतो की अमुक औषध लागू पडेल का. डॉक्टर या दोन्हींना वेगळी नावं देतात, आपल्याकडे दोन्हीला 'अंदाज'.

गडहिंग्लजचे_वैद्य
सीमेपलीकडून बोलतोय, तरी चालेल ना. आयुर्वेदात यासाठी शब्द तयार आहे : साध्यासाध्यता. साध्य, कृच्छ्रसाध्य (कष्टानं बरं होणारं), याप्य, असाध्य. यातला 'याप्य' तर आजही हवा असा शब्द आहे. औषध चालू आहे तोवर दुखणं आवरलेलं, थांबवलं की उसळतं. सुश्रुतात उपमा आहे, पडू पाहणाऱ्या घराला लावलेल्या टेकूची. परत परत उलटणाऱ्या अंडाशयाच्या कॅन्सरला याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

अनगोळहून_मी
वैद्यबुवा, राग मानू नका. शेवटची दोन वर्षं आई रोज गोळी घेत होती, पार्प नावाचं एन्झाइम अडवणारी. टेकूच होता तो, बरोबर आहे. पण 'असाध्य' हा शब्द त्याच यादीत शेजारी बसलेला. तो कागद तिच्या हातात पडला असता तर तिनं जेवण सोडलं असतं. पेशंटच्या कागदावर हे नको.

गडहिंग्लजचे_वैद्य
मान्य. वैद्यानं वैद्याशी बोलताना म्हणावं.

चिकोडी_दोन्हीभाषी
'निदान' हा शब्दसुद्धा आपण बदललाच की. जुन्या ग्रंथांत निदान म्हणजे रोगाचं कारण, आपण डायग्नोसिसला वापरतो. वर 'निदान एवढं तरी कर' आहेच. आणि कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे हळू, सावकाश. माझी आत्या ऑपरेशननंतर खाटेवरून उतरत होती, नर्स दंडाला धरून म्हणत होती, "निधान, अम्मा, निधान." आत्याला वाटलं निदानाचं काही वाईट सांगतेय. ती तशीच एक पाय खाली सोडून थांबली, पुढं टाकेना. मी धावत जाऊन सांगितलं, अगं सावकाश उतर म्हणतीय.

शहापूर_गल्ली
हे वाचून गलबललं. म्हणूनच म्हणतो, मराठी पेशंटला मराठीत सांगणारं माणूस दवाखान्यात हवं. शब्द कुठलाही असो.
आणि 'गाठ' हा शब्द तरी सांभाळा. आता सगळे 'गड्डे' म्हणू लागलेत.

निपाणीचा_लॅबवाला
गड्डे आमच्या आजीच्या तोंडीही होतं. लसणाचा गड्डा, कोबीचा गड्डा नाही का म्हणत?

चिकोडी_दोन्हीभाषी
कन्नडमध्ये गड्डे म्हणजे कंद. इकडं कांद्याला उळ्ळागड्डी म्हणतातच. ट्यूमरलाही तोच शब्द. कुणी कुणाकडून घेतला ते सांगता येणार नाही.

शहापूर_गल्ली
गड्डा मराठीच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढून बघा.

खानापूरची_बाई
सगळ्यांचे आभार. काल रात्री दुसरं पान लिहिलं. 'विकर' काढलं. 'एलडीएच नावाची रक्ताची तपासणी' एवढंच ठेवलं, खाली दोन आकडे : ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा. नंतरचा उतरलाय, लॅबच्या मर्यादेत आहे. त्यावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा बहिणीनं ते पान स्वतःकडे ओढून घेतलं.
प्रॉग्नोसिसच्या जागी आधी 'अंदाज' लिहिलं, खोडलं. 'गुण' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी डॉक्टर जे बोलले तेच लिहिलं : 'या जातीच्या गाठी औषधाला चांगल्या दाद देतात. लवकर सापडल्या तर बहुतेक मुली बऱ्या होतात. डावं अंडाशय जागेवर आहे, पुढं मूल होऊ शकतं.' तीन वाक्यं झाली, शब्द एकही सापडला नाही. सोमवारच्या आत कुणाला सुचला तर सांगा.

निपाणीचा_लॅबवाला
तीन वाक्यंच राहू द्या बाई. सोमवारी रक्त घेतील तेव्हा हाताची मूठ फार वेळ आवळून ठेवू नको म्हणावं पोरीला.

शहापूर_गल्ली
मोल्सवर्थमध्ये गड्डा सापडला. संध्याकाळी पान टाकतो.

चिकोडी_दोन्हीभाषी
टाका. किट्टलचा कन्नड कोश माझ्याकडे आहे, मीही टाकतो.