तुमचं विमान कुठलं होतं? मराठवाड्यातल्या विमानवेड्यांचा अनुभव धागा

मंडळी, विमानप्रवासाचा विषय निघाला की निम्मं बोलणं तिकिटाच्या दरावर जातं आणि निम्मं सामानाच्या वजनावर. विमान राहतं बाजूलाच. "कशाने आलास?" विचारलं तर कंपनीचं नाव सांगतात. एअरबसचं जेट होतं की एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, असं विचारलं की समोरचा आपल्याकडे संशयाने बघतो. म्हणून हा धागा. कुठल्या विमानात बसलात, कुठली खिडकी मिळाली, काय दिसलं, काय ऐकू आलं, ते लिहा. भाषा घरचीच चालेल, पण विमानाचा प्रकार सांगायलाच पाहिजे.

सुरुवात मी करतो. मी औरंगाबादच्या सिडकोत वाढलो. तेव्हा आमच्या चिकलठाणा विमानतळावरचं विमान म्हणजे इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७-२००. बारीक, लांबट इंजिनं पंखाला खालून चिकटलेली, आणि आवाज असा की वर्गात सर बोलायचे थांबायचे. एकच विमान दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई अशी गावं घेत जायचं. अजिंठा-वेरूळचे परदेशी पाहुणे त्यातून उतरायचे.

मी स्वतः पहिल्यांदा बसलो ते मात्र एअरबस ए-३२० मध्ये, आणि नशीब असं की चार चाकांच्या! एरवी ए-३२० च्या दोन्ही मुख्य पायांना दोन-दोनच चाकं असतात. इंडियन एअरलाइन्सने १९८९ पासून जी विमानं आणली, त्यांना प्रत्येक पायाला चार. आपल्याकडच्या कमी ताकदीच्या धावपट्ट्यांवर वजन पसरावं म्हणून ही खास मागणी होती, आणि हा प्रकार जगात दुसऱ्या कुणी घेतलाच नाही. शिडीवर चढण्याआधी मी वाकून चाकं मोजली तेव्हा मागचे काका म्हणाले, "बाळा, पंक्चर झालंय का?"

आता तुम्ही लिहा. माझं मत आधीच सांगून ठेवतो: विमान समजून घ्यायचं तर लहानच बरं.

जालना, लोखंडाचा व्यापार

लहान बरं? भाऊ, तुम्ही हैदराबादला पंख्याच्या विमानाने एकदा भर पावसाळ्यात जाऊन बघा, मग बोला. ढगात शिरलं की चहा कपात राहत नाही. मी धंद्यासाठी मुंबई, दिल्ली, रायपूर, कोलकाता सतत करतो. जेटमध्ये डोळा तरी लागतो. जेट एअरवेज होती तोवर मुंबईला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला यायचो. वेळ सोडा, त्यांचा नाश्तासुद्धा गरम असायचा. एप्रिल २०१९ मध्ये ती बंद पडली आणि सकाळचं गणितच मोडलं. मला विमानाचं वेड वगैरे नाही, पण एक शंका आहे. एअरबस उभं असताना पायाखालून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो, मग थांबतो, परत येतो. शेजारचे सगळे शांत बसतात. एकट्या मलाच ऐकू येतो की काय?

धागा काढणारा

काका, सगळ्यांना येतो, विचारत कुणी नाही. ए-३२० मध्ये हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेच्या, वेगवेगळ्या बाजू असतात. एक इंजिन चालू आणि दुसरं बंद असलं की दोन्हीकडच्या दाबात फरक पडतो. तो भरून काढायला पोटात एक यंत्र असतं, पीटीयू म्हणतात त्याला. ते अडखळत चालतं, तोच तो आवाज. पंखाजवळच्या रांगांत जास्त येतो. दुसरं इंजिन सुरू करताना आणि उतरल्यावर एकाच इंजिनावर सरकत जाताना कान द्या.

आणि एटीआरला इतकं टाकून बोलू नका. पुढच्या वेळी उजवीकडची खिडकी घ्या आणि विमान उभं असतानाच बघा. बऱ्याचदा उजवं इंजिन चालू असतं आणि पंखा मात्र जागेवर थांबलेला! जेटच्या शेपटीत उभ्या विमानाला वीज आणि गार हवा पुरवणारं वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरमध्ये ते नाही. म्हणून उजव्या पंख्याला ब्रेक लावायचा आणि इंजिन चालू ठेवून वीज, एसी त्याच्याकडून घ्यायचा. वैमानिक याला 'हॉटेल मोड' म्हणतात. निघायची वेळ झाली की ब्रेक सुटतो आणि पाती हळूहळू फिरायला लागतात. हे जेटमध्ये कुठं बघायला मिळणार? हेलकाव्यांचं मान्य. ते २५ हजार फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे ढगांना टाळायला जागा कमी.

नांदेड, नोकरी हैदराबादला

मी लिहायलोय ते आमच्या विमानतळाबद्दल. २००८ ला गुरुता गद्दीचा, म्हंजे शीख धर्मीयांचा मोठा सोहळा झाला, तवा आमचं विमानतळ नव्यानं उभं राहिलं. किंगफिशरचं लाल एटीआर यायचं, ते बघायला लोक कुंपणाला लोंबकळायचे. मग किंगफिशर गेलं आन् कुंपणही सुनं झालं. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' या सरकारी स्वस्त विमानसेवेच्या योजनेतलं ट्रूजेट कंपनीचं हैदराबाद विमान सुरू झालं. शिमल्याहून हिरवा झेंडा दाखवला होता, आमच्यासोबत कडप्पाचंही विमान होतं. मी ते पकडलं. त्याच्या आधी देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून सकाळी सिकंदराबादला उतरायचो आन् तसाच डोळे चोळत ऑफिसला. एटीआरनं डोळा लागायच्या आत शमशाबाद, म्हंजे हैदराबादचं विमानतळ.

पण मला विचारलं तर सगळ्यात भारी स्टार एअरचं एम्ब्रेअर १७५. दोन-दोनच सीटा, मधली सीट नावालाही नाही. एअरबसमध्ये मधल्या सीटवर बसून दोन्हीकडच्यांचे कोपरे खाल्लेत का? मंग तुम्हाला कळंल. त्यांचंच जुनं ५० सीटांचं एम्ब्रेअर १४५ बी मी केलंय, त्यात एका बाजूला एक सीट आन् दुसऱ्या बाजूला दोन. एकट्याच्या सीटवर बसलं की खिडकी बी तुमची आन् रस्ता बी तुमचा. छत मात्र ठेंगणं. आमचे मामा सहा फुटी, ते मान वाकवूनच बाथरूमपर्यंत गेले.

अमृतसरच्या विमानाचं कुणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो. एअर इंडियानं नांदेड-अमृतसर सुरू केलं तवा मी हौसेनं एकदा गेलो. सचखंड एक्स्प्रेसनं जायला दीड दिवसाच्या आसपास लागतो. विमान धावायला लागलं तसा मागून एका बाबांनी "बोले सो निहाल" म्हटलं आन् सगळ्या विमानानं "सत श्री अकाल" केलं. एअरहोस्टेस पट्टा बांधून पुढं बसलेली, ती बी हसायली.

छत्रपती संभाजीनगर, सेवानिवृत्त

वरती ७३७-२०० चा उल्लेख आला म्हणून लिहितो. नव्या मुलांना ठाऊक नसेल. २६ एप्रिल १९९३, दुपार. तेच दिल्लीहून गावं घेत आलेलं विमान इथून मुंबईला निघालं. गर्दी होती, ऊन होतं, विमान उशिरा उचललं गेलं. धावपट्टीच्या टोकाजवळून जाणाऱ्या रस्त्यावर दाबलेल्या कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं डावं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग त्या गाठींना लागला. पुढे विजेच्या तारा, आणि मग शेत. ११८ जणांपैकी ५५ गेले. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या: वैमानिकांनी नाक उचलायला केलेला उशीर आणि त्यातली चुकीची पद्धत, आणि विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक न थांबवणं.

आमच्याकडे कापसाच्या गाठींचे ट्रक हंगामात रोज दिसतात. मी त्या काळात जिनिंगच्या हिशेबाचं काम करायचो. त्यानंतर बरीच वर्षं गाठी किती उंच रचल्यात यावर ड्रायव्हरला आम्ही हटकायचो, रस्ता कुठलाही असो. विमानात मी आजही बसतो. उड्डाणाच्या वेळी बोलत मात्र नाही.

लातूर, निवृत्त शिक्षिका

मी विमानवेडी नाही बरं का, वेड मुलाचं. तो जर्मनीत असतो आणि तिकीट काढतानाच "आई, यावेळी तुला अमुक विमान" असं सांगतो. त्याच्या कृपेने एमिरेट्सच्या ए-३८० मध्ये मुंबईहून दुबईपर्यंत बसले. दुमजली विमान! मागच्या बाजूला वर जायचा जिना दिसला. वर जाऊ देत नाहीत, महागड्या तिकिटांचे लोक वर असतात. पण गंमत समोरच्या पडद्याची. शेपटीवर कॅमेरा असतो, त्यातून आपलंच विमान वरून दिसतं, पंख पसरलेलं आणि पुढे धावपट्टी. उतरेपर्यंत मी सिनेमा लावलाच नाही. आवाज इतका कमी की शेजारच्या बाईंची जपमाळ ऐकू येत होती. आता ही विमानं बनवायचं २०२१ ला बंद झालं, असं मुलाने सांगितलं. एवढं चांगलं असून का बंद केलं, तर म्हणे चार इंजिनं परवडत नाहीत. घरात चार गॅस पेटवून स्वयंपाक करणारीला हे लगेच पटलं.

एअर इंडियाच्या बोइंग ७८७ ने दिल्लीहून गेले तेव्हा खिडकीला झाप नव्हतं. बटण दाबलं की काचच निळसर होत जाते. परतीला गुडघे कमी सुजले, असं मला वाटलं. मुलगा म्हणतो, त्या विमानात आतली हवा सहा हजार फुटांवरच्याइतकी ठेवतात, इतर विमानांत आठ हजारांपर्यंत जाते, म्हणून थकवा कमी. सुजेचं मात्र तो कबूल करत नाही.

बीड, वकील

अम्मी-अब्बांना उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, घेऊन गेलो होतो, मुंबईहून सौदिया कंपनीचं बोइंग ७७७. हजला आमचे बरेच नातेवाईक आपल्या चिकलठाण्याहूनच गेले. उमऱ्याला मात्र मुंबई गाठावी लागली. एकच गोष्ट लिहितो. उड्डाणाआधी प्रवासाची दुआ लावतात. आणि जेद्दाहच्या आधी घोषणा होते की मीकात, म्हणजे यात्रेची सीमा, जवळ आलं आहे, एहराम (यात्रेचा खास पोशाख) बांधायचा असेल त्यांनी तयार व्हावं. रस्त्याने गेलं तर मीकातला थांबता येतं. आकाशातून ती सीमा काही मिनिटांत ओलांडली जाते, म्हणून वैमानिकाने सांगावं लागतं. अब्बांनी मुंबईतच एहराम बांधला होता, तरी घोषणा झाली तसे ते ताठ बसले. मागच्या बाजूला नमाजसाठी जागा राखलेली होती, तिथे रांग लागली. इंजिनाचं सांगायचं तर जीई-९०. त्याचं कवच जवळजवळ ७३७ च्या धडाएवढं रुंद आहे. हे मी अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "आधी दुआ पढ."

परभणी, कृषी विद्यापीठ परिसर

तक्रार चालेल का? कंपनीचं नाव घेत नाही. मे महिना, दुपारचं विमान, सीटा भरलेल्या. उतरल्यावर पट्ट्यावर निम्म्या लोकांच्या ब्यागाच नाहीत. विचारलं तर "लोड इश्यू". लग्नाचे कपडे त्यात, मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी. नवरदेवाच्या मामाने भाच्याच्या बुटांत मिरवलं.

चिडून झाल्यावर वाचलं तेव्हा कारण कळलं. उन्हाने हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही उतरते. मग त्याच धावपट्टीवरून वजन कमी करूनच उडता येतं. माणसं उतरवण्यापेक्षा ब्यागा उतरवतात. कारण पटलं. पण हे चेक-इनच्या काउंटरवर सांगायला काय जात होतं? मे महिना आमच्याकडे दरवर्षी येतो, अचानक नाही येत. तेव्हापासून उन्हाळ्यात सकाळचंच विमान, आणि लग्नाचे कपडे हातातल्या ब्यागेत.

लातूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

जानेवारी २०२४, बेगमपेट, विंग्ज इंडिया हे विमानांचं प्रदर्शन. रात्रीच्या बसने हैदराबाद, ओळखीने मिळवलेला बिझनेस डेचा पास गळ्यात. बोइंगचं ७७७-९ आलं होतं, अजून कुठल्याच कंपनीच्या ताफ्यात नसलेलं. त्याच्या पंखांची टोकं दुमडतात! पसरलेला पंख ७१.८ मीटर, दुमडल्यावर ६४.८, म्हणजे नेहमीच्या ७७७ च्या जागेत उभं राहता येतं. सगळे कॉकपिटकडे बघत होते, मी पंखाच्या टोकाखाली उभा राहून बिजागरी शोधत होतो. दिसते, नीट बघितलं तर फट दिसते. एका गोऱ्या इंजिनिअरला मोडक्या इंग्रजीत विचारलं की उड्डाणात चुकून दुमडलं तर? त्याने खिशातून पेन काढून माझ्या वहीवर कुलपाची खीळ काढून दाखवली. वही कुणाला देत नाही.

काका आणि दादा एटीआरवर भांडताहेत म्हणून सांगतो, तिथे सगळ्यात जास्त गर्दी छोट्या विमानांच्या शिडीपाशीच होती. आत जाऊ देतात ना!

जालना, लोखंडाचा व्यापार

ठीक आहे, मुंबईहून येताना तो भुंकण्याचा आवाज ऐकला. शेजारच्याला समजावूनही सांगितलं. आता एवढं सांगा, संभाजीनगरला येताना खिडकी कुठली घ्यायची? आणि ते पंख्याचं विमान घ्यावंच लागलं तर?

धागा काढणारा

मुंबईहून येताना सरळ पश्चिमेकडून उतरलं तर डावीकडे देवगिरीचा किल्ला, उजवीकडे लांबवर नाथसागर. पावसाळा संपता संपता या, धरण भरलेलं असतं, उजवी घ्या. वारा उलटा असला तर विमान शहराला वळसा घालून पूर्वेकडून येतं, मग सगळं पालटतं आणि कुणाचंच चालत नाही.

एटीआरमध्ये पंखाच्या जरा मागची खिडकी. पंख वर असल्याने खाली सगळं मोकळं. चाकं धडाच्या बगलेतून निघतात, ती बाहेर येताना दिसतात, आणि टेकताना रबराचा धूर निघतो तोही दिसतो. चहा मात्र आधीच संपवा.