कोल्हापूरहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवायचंय, लाखभरात बसेल का?

राजारामपुरीकरीण
नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून बेंगळुरूत पीण्या या औद्योगिक भागातल्या प्लांटला झाली आहे. मे महिन्यात जायचं. आम्ही दोघं, सासूबाई आणि यंदा पाचवीत जाणारी मुलगी. सामान टूबीएचकेचं आहे: दोन पलंग, लोखंडी कपाट, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन, घरघंटी, देव्हारा. भांडी मात्र चार बिऱ्हाडांना पुरतील एवढी, कारण सासूबाईंनी रुखवतापासून एकही पातेलं टाकलेलं नाही. शिवाय आठ वर्षांची कार आणि एक स्कूटर. कंपनी सामान हलवण्यासाठी ४० हजारांपर्यंत देणार, पण पक्क्या बिलावरच. बाकी आमचा अंदाज लाखभराचा. दोन मूव्हर्सना विचारलं, एक २६ हजार म्हणतो आणि दुसरा ४३. एवढी तफावत कशी? काय न्यावं, काय टाकावं? इथलं घर स्वतःचं आहे, ते भाड्यानं देऊ म्हणतोय.

पीण्यातला पाहुणा
ताई, ट्रकभाडं हा यातला लहान आकडा आहे. त्यावरच सगळे डोकं लावतात आणि खरा पैसा दुसरीकडेच जातो. बेंगळुरूत दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागायची जुनी रीत आहे. आता बरेच मालक पाच-सहावर येतात, पण घासाघीस करावी लागते, आपण होऊन कोणी कमी करत नाही. २२ हजारांचं घर आणि सहा महिन्यांचं डिपॉझिट धरा: १ लाख ३२ हजार. त्यात पहिलं भाडं २२ आणि एजंटचे २२. झाले १ लाख ७६ हजार, अजून ट्रक निघालेलाही नाही.

म्हणून वहीत दोन रकाने करा. एकात गेलेला पैसा, दुसऱ्यात अडकलेला. डिपॉझिट अडकलेला पैसा आहे, तो परत येतो, पण पूर्ण नाही. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घेतात आणि करारात तसं लिहिलेलंही असतं. तेवढी रक्कम आजच गेलेल्या रकान्यात टाका. अडकलेल्या पैशासाठी कर्ज काढू नका, एफडी मोडली तरी चालेल.

घर बघताना नळाला कावेरीचं पाणी आहे की बोअरचं, आणि टँकर लागला तर पैसे कोण भरतं, हे आधी विचारा. २०२४ च्या उन्हाळ्यात इथे बोअर आटले तेव्हा टँकरच्या भावानं लोकांचं महिन्याचं गणित कोलमडलं होतं. रंकाळ्याकाठी वाढलेल्या माणसाला हा प्रश्न सुचतच नाही. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, तेही विचारा.

आयशर १४ फुटी
२६ आणि ४३ मधला फरक सांगतो, धंदाच त्यो हाय आपला. २६ वाला बहुतेक पार्ट लोड धरतोय. म्हणजे तुमच्या सामानासंगं आणखी दोघांचं सामान, वाटंत हुबळीला नायतर दावणगेरेला उतरा-चढ, आणि गाडी कधी पोचंल त्याची खात्री न्हाई. ४३ वाला पूर्ण गाडी देत असंल. तुमच्या सामानाला १४ फुटी गाडी लागंल, भांडी खरंच तेवढी असतील तर १७ फुटी बघा. छोट्या हत्तीत बसवतो म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका.

दोघास्नी घरी बोलवा, सामान दाखवा आणि यादीसकट कोटेशन लेखी घ्या. त्यात गाडीची लांबी, पॅकिंग, दोन्हीकडची चढ-उतार, लिफ्ट नसंल तर मजल्यामागं किती, टोल, जीएसटी, समदं आलं पाहिजे. फोनवर सांगितलेला भाव म्हंजे नुसता अंदाज.

आणि एक. कुणी 'ई-वे बिलाचे एवढे' म्हणून पैसे लावले तर सरळ नाही म्हणा. वापरातल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत न्हाई, नियमातच सूट हाय. गाडीत सामानाची यादी, 'घरगुती वापराचं जुनं सामान' असं लिहिलेलं सही केलेलं पत्र आणि आधारची झेरॉक्स ठेवा, कोगनोळीला, सीमेवरच्या नाक्यावर, कुणी इचारलं तर दाखवायला.

पैसं वाचवायचं असंल तर तिकडच्या गाड्या इथं माल उतरवून रिकाम्या परत जात असत्यात, मार्केट यार्डात आणि शिरोली एमआयडीसीत चौकशी करा. परतीचं भाडं कमी पडतं.

पीण्यातला पाहुणा
परतीची गाडी स्वस्त खरी, पण ताईंना कंपनीकडून पैसे पक्क्या बिलावर मिळणार आहेत. जीएसटी बिल न देणारी २२ हजारांची गाडी त्यांना २२ ला पडेल आणि बिल देणारी ४० ची फुकट. इथे महाग तेच स्वस्त.

आयशर १४ फुटी
बरोबर हाय. बिल पायजे असंल तर माझा सल्ला मागं घेतो. 😄

खासबागवाली
गॅसचं कोणी बोललं नाही म्हणून. सिलिंडर ट्रकात टाकू नका, धोक्याचं आहे आणि नियमातही बसत नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर इथल्या एजन्सीत जमा करा, डिपॉझिट परत घ्या आणि ट्रान्स्फर व्हाउचर मागून घ्या. तिथल्या एजन्सीत ते व्हाउचर दाखवलं की कनेक्शन मिळतं, फक्त डिपॉझिट आजच्या दरानं भरावं लागतं. तुमचं कनेक्शन जुनं असेल तर फरक डोळ्यांत भरेल. पहिल्या आठवड्यासाठी इंडक्शन शेगडी हाताशी ठेवा.

एमएच ०९ चा अभिमान
गाड्यांचं सांगतो, कारण इथेच लोक गाफील राहतात. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं नाहरकत आधी, आणि ई-चलान थकलेलं असेल तर तेही भरून टाका. मग कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स. तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो. तिकडे नोंदणी झाली की आपल्याकडे भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज करून पाठपुरावा करावा लागतो. तो पैसा बजेटमध्ये धरू नका. आला तर दिवाळी.

नवऱ्याच्या कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं आहेत का बघा. असतील तर बीएच म्हणजे 'भारत' मालिकेचा नंबर मिळू शकतो, राज्य बदललं तरी तो बदलावा लागत नाही. ही मालिका २०२१ मध्ये सुरू झाली आणि नंतर जुन्या गाड्यांनाही खुली झाली. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. पुढे पुन्हा बदली होणार असेल तर हेच सोयीचं.

स्कूटर इथेच विका. ट्रकात न्यायचा खर्च, एनओसी, तिकडचा टॅक्स हे सगळं एका जुन्या स्कूटरसाठी करायचं कशाला? नेणारच असाल तर टाकी रिकामी करा आणि आरसीची मूळ प्रत ट्रकवाल्याकडे देऊ नका, झेरॉक्स द्या.

राजारामपुरीकरीण
बापरे, कारच्या टॅक्सचा विचारच नव्हता केला. कंपनीची पुणे, चाकण, बेंगळुरू आणि चेन्नईला ऑफिसं आहेत, म्हणजे राज्यं तीनच. बीएच गेलं.

सामानाचं बोला आता. सासूबाई कपाट आणि पितळी भांडी सोडायला तयार नाहीत. नवरा म्हणतो सगळं विकून तिकडे नवीन घेऊ. मी मधे.

माहेर कसबा बावडा
ताई, भांडणाचा विषय आहे म्हणून हिशेबानं सोडवा. पूर्ण गाडी घेतलीत की आणखी एका कपाटाचं भाडं वाढत नाही, गाडीत जागा असेतोवर ते फुकट जातं. १४ फुटी भरून १७ फुटी लागायला लागली, तिथून पुढे प्रत्येक वस्तूवर पैसे पडतात. त्या सीमेवर काय काय आहे तेवढंच बघा.

सोफा इथेच काढा, जुन्या सोफ्याइतकी जागा खाणारं आणि वाटेत फाटणारं दुसरं काही नसतं. प्लायवूडचे पलंग खोलून पुन्हा जोडले की कुरकुरायला लागतात, लाकडी असतील तर न्या. फ्रिज-मशीन न्या. घरघंटी तर नक्की न्या! बेंगळुरूत ज्वारी मिळते, उत्तर कर्नाटकातली माणसं तिकडे भरपूर आहेत आणि त्यांच्या खानावळीत जोळद रोट्टी म्हणजे आपली भाकरीच असते. पण दळून आणायची गिरणी प्रत्येक गल्लीत नसते.

पितळ न्या. वजन आहे, पण पोत्यात बसतं, फुटत नाही, आणि सासूबाई तिकडे रमायला हव्यात ना? शेजारणींशी भाषेची अडचण, ओळखीचं कोणी नाही. त्यांच्या चार वस्तू त्यांच्या डोळ्यांसमोर असू देत. त्यांना मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं न्या, रात्रीत पोचता. कारमध्ये सुमारे सहाशे किलोमीटर बसवू नका.

पीण्यातला पाहुणा
+१. लोणच्याच्या बरण्या, देव आणि दागिने कारमध्ये. ट्रकात नको.

शिक्षकाचा मुलगा
मुलीच्या शाळेचं लवकर उरका. कर्नाटकात राज्य मंडळाच्या शाळा साधारण मे अखेरीला उघडतात, आपल्यासारखं जूनच्या मध्यापर्यंत थांबत नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला काढाल तेव्हा त्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. राज्य बदललं की बऱ्याच शाळा ती मागतात, आणि एका सहीसाठी तिकडून परत येणं म्हणजे वैताग. मुलीचा यू-डायसचा पेन नंबरही (शाळांच्या सरकारी नोंदणीतला विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) टिपून ठेवा. तिकडे कन्नड शिकावं लागतं, २०१५ चा कायदा आहे. पाचवीतलं पोर पटकन शिकतं, पण पहिल्या वर्षी ट्यूशन धरा बजेटमध्ये. आणि प्रवेशाच्या वेळची फी हा तुमच्या लाखातला सगळ्यात मोठा राहिलेला आकडा आहे.

आयशर १४ फुटी
इन्शुरन्सचं राहिलं. मूव्हर 'इन्शुरन्स तीन टक्के' म्हणला की विमा कंपनीचं सर्टिफिकेट मागा. लई जण नुसते पैसं घेत्यात आणि कागद स्वतःच्या लेटरहेडचा देत्यात, त्यो विमा न्हवं. सामानाची किंमत बिल्टीवर, म्हंजे ट्रकवाल्याच्या मालाच्या पावतीवर, लिहून घ्या. नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागत्या, न्हाईतर दावा चालत न्हाई. सामान भरायच्या आधी फ्रिज-टीव्हीचं फोटो काढा, चालू असतानाचं. पैसं एकदम देऊ नका. थोडं बुकिंगला, थोडं भरल्यावर, बाकीचं उतरल्यावर.

खासबागवाली
माझ्या बहिणीची गाडी तुमकूरला थांबवून ड्रायव्हरनं आठ हजार जास्त मागितले होते. लेखी कोटेशन होतं म्हणून पोलिसांचं नाव काढताच हलली.

एमएच ०९ चा अभिमान
तारीख पुढे ढकलू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा-वेदगंगेचा भरवसा नाही. २०१९ ला आणि २०२१ ला हायवे बंद पडला होता, निपाणीजवळ यमगर्णीला पाणी आलं की तुम्ही इकडे आणि सामान तिकडे. मे ठरलाय तर मेच.

इथलं घर भाड्यानं देताना लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या. पण पहिल्या दोन महिन्यांचं भाडं बजेटमध्ये जमेला धरू नका, भाडेकरू मिळेपर्यंत सोसायटीचा मेंटेनन्स तुम्हालाच भरायचाय.

राजारामपुरीकरीण
सगळ्यांचे खूप आभार. वही केली. मालक ओळखीतून मिळाला, भाडं २० हजार, डिपॉझिट पाच महिन्यांचं, म्हणजे अडकलेला १ लाख. गेलेल्यात: पहिलं भाडं २०, एजंट शून्य, शाळेचा प्रवेश ६०, गॅस-पडदे-फिटिंग १५, प्रवास आणि पहिल्या आठवड्याचं जेवणखाण १०, रंगकामाचे २०. ट्रक १७ फुटी, विमा आणि जीएसटी धरून ३९ हजार, ते कंपनी देईल. म्हणजे खिशातून सव्वा लाख जाणार. रंगकामाचे २० डिपॉझिटमधूनच कापणार, म्हणजे दोन्ही मिळून हाताशी २ लाख ५ हजार हवेत. स्कूटर विकली, तिचे पैसे कारच्या टॅक्ससाठी बाजूला ठेवलेत. माझी भिशी एप्रिलमध्ये लागतेय, त्यामुळे एफडी मोडायची गरज नाही. सोफा नणंद नेतेय. कपाट येतंय. 🙏

पीण्यातला पाहुणा
छान जमलंय. एवढंच बघा, अपार्टमेंट असोसिएशन सामान चढवायचे वेगळे पैसे घेते का? बऱ्याच ठिकाणी मूव्ह-इन चार्ज असतो, आणि लिफ्ट ठरावीक वेळेतच देतात. ट्रक पहाटे पोचला तर हमाल तोवर बसून राहतात आणि वेटिंग लावतात.

राजारामपुरीकरीण
हे विचारलंच नव्हतं. आज संध्याकाळी मालकांना फोन करते.