नुकतेच कुठे जेवलात? जळगाव, धुळे आणि जिथे जिथे आपली माणसे आहेत ती शहरे

दिवाळी झाली की जळगावात पाहुण्यांचा राबता सुरू होतो आणि प्रत्येक पाहुणा पहिल्याच संध्याकाळी विचारतो की चांगले भरीत कुठे मिळेल. या प्रश्नाचे माझ्याजवळ असलेले उत्तर दहा वर्षांपूर्वीचे आहे. त्या हॉटेलाचा आचारी, मालक आणि बहुधा चूलसुद्धा दरम्यानच्या काळात बदलली आहे. म्हणून हे आमंत्रण. गेल्या दोन-तीन महिन्यांत स्वतःच्या पैशाने जिथे जेवलात, तिथे काय मागवले, काय आले आणि पुन्हा जाल का, ते लिहावे. तक्रार असेल तर हॉटेलाचे नाव घेऊ नये, कारण एका संध्याकाळच्या चुकीवरून कोणाच्या धंद्यावर गदा यायला नको. पदार्थात काय चुकले ते मात्र नीट सांगावे. पुण्यात किंवा सुरतेत खान्देशी म्हणून जे वाढले जाते, त्याबद्दलही लिहिले तर उत्तमच. सुरुवात मी करते.

पुण्याहून आलेल्या नणंदेला आणि तिच्या यजमानांना घेऊन आम्ही रिंग रोडच्या बाजूच्या एका वातानुकूलित हॉटेलात गेलो. मेनूकार्डावर ‘खान्देशी भरीत’ ठळक अक्षरांत होते. पितळेच्या वाटीत जे आले ते लालसर होते, त्यात टोमॅटो होता आणि वरून कोथिंबीर व लोणी. चव वाईट होती असे मी म्हणणार नाही, परंतु पंजाबी पद्धतीच्या बैंगन भरत्याला आपले नाव देऊन ते पाहुण्यांसमोर ठेवले गेले, आणि नणंदेचे यजमान ‘आमच्याकडेही असेच मिळते’ असे म्हणाले तेव्हा मला खरोखर ओशाळे वाटले. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे मी त्यांना घरून निघतानाच मोठ्या अभिमानाने सांगितले होते.

चार दिवसांनी, त्यांच्या परतीच्या आदल्या रात्री, शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या एका भरीत केंद्रावर त्यांना नेले. तिथे मेनूकार्ड नाही; भरीत किलोवर मिळते आणि सोबत कळण्याची भाकरी हवी की पुरी, एवढेच विचारतात. वांगी मोठी, हिरवट-पांढरी, पातळ सालीची आणि कमी बियांची होती. त्यांना सुरीने टोचे मारून, तेलाचा हात लावून, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजत होते. साल काढलेला गर लाकडी बडगीत पडतो, त्याआधीच हिरवी मिरची आणि लसूण तिथे ठेचलेले असतात, आणि मुसळीने घोटून झाल्यावर शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात घातलेली तेलाची फोडणी त्यात मिसळली जाते. टोमॅटोचा आणि हळदीचा संबंध नाही. आम्ही पाच जणांत दीड किलो संपवले. उणीव सांगायची तर बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यांतली एक मोडकी निघाली, आणि हात धुण्याच्या जागी अंधार होता. नणंदेच्या यजमानांनी मात्र त्यानंतर ‘आमच्याकडेही’ हा शब्द काढला नाही.

भुसावळहून, एक निवृत्त रेल्वे कर्मचारी

ताई, भरताचे जे झाले तेच बट्टीचेही होत आहे. मागच्या महिन्यात नातवाच्या वाढदिवसानिमित्त जळगावातल्या एका नव्या हॉटेलात आम्ही वरण-बट्टीची थाळी घेतली. ताटात आले ते कडक भाजलेले, तुपात बुडवलेले राजस्थानी पद्धतीचे गोळे. आपली बट्टी आधी वाफवून किंवा उकडून घेतात, मग कापून तळतात, म्हणून ती बाहेरून खुसखुशीत आणि आतून पापुद्र्यांची असते व वरणात चटकन विरघळते. हा फरक मी वाढप्याला समजावून सांगू लागलो तेव्हा सूनबाईने मला टेबलाखालून पाय मारला. तरीही मालकाने स्वतः येऊन ऐकून घेतले आणि आचारी जोधपूरकडचा असल्याचे प्रामाणिकपणे मान्य केले, याचे मला कौतुक वाटले. सोबतची घोटलेली वांग्याची भाजी मात्र थेट लेवा पाटलांच्या लग्नाच्या पंगतीत शोभेल अशी होती. ती कोणी केली ते विचारायचे राहून गेले. डाळीसाठी आणि भाजीसाठी जायला हरकत नाही, बट्टीसाठी जाऊ नये.

धुळ्याहून, औषध कंपनीचा फिरता प्रतिनिधी

माझे महिन्यातले वीस दिवस बाहेर जेवण्यात जातात. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे ढाब्यांची इथे कमी नाही आणि त्या प्रत्येकावर शेवभाजी असते. इतक्या वर्षांत मी तिची एकच परीक्षा ठरवली आहे : रस्सा आधी चाखावा, शेव नंतर. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि काळा मसाला यांचे वाटण तेल सुटेपर्यंत परतले नसेल तर वरची तर्री कितीही लाल दिसली तरी खाली पाणी आणि कच्चा मसाला वेगळे झालेले असतात, आणि ते झाकण्यासाठीच शेव आधीपासून टाकून ठेवतात. अर्धा तास भिजलेल्या शेवेचा पिठल्यासारखा लगदा होतो. म्हणून मी हल्ली रस्सा आणि शेव वेगवेगळी मागवतो. चांगला ढाबेवाला त्याला नाही म्हणत नाही. जो नाही म्हणतो, तिथून मी चहा पिऊन उठतो.

गेल्या पंधरवड्यात पारोळ्याच्या बाजूला एका ढाब्यावर मला कैक दिवसांनी हवा तसा रस्सा मिळाला. तिखट होता, पण घशाला जाळणारा नव्हता. दुसऱ्या वाटीनंतरही खोबऱ्याची गोडी जिभेवर राहत होती. मी भरीतही विचारले, तर पोरगा म्हणाला, ‘भरीत आज नही शे, दादा.’ वांगी चांगली आली नव्हती म्हणून त्यांनी केलेच नव्हते. मेनूत असलेला पदार्थ नाही म्हणून सांगणारे हॉटेल मला नेहमी विश्वासाचे वाटते. तिथे मी पुन्हा दोनदा जाऊन आलो.

महाबळ भागातून, जळगाव

आमचे म्हणणे एवढेच आहे की भाकरी टेबलावर यायला पाच मिनिटे लागली तरी चालतील, परंतु दुपारी थापून ठेवलेली भाकरी रात्री पुन्हा तव्यावर टाकून तिचा पापड करू नये. दोन हॉटेलांत सलग हाच अनुभव आला. तिसऱ्या हॉटेलात आम्ही पोळीच मागवली.

चाळीसगावहून, एक गृहिणी

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने आम्हा दोघांना तिथल्या एका ‘अस्सल खान्देशी’ म्हणवणाऱ्या हॉटेलात मोठ्या हौसेने नेले. शेवभाजी गोडसर होती. टोमॅटो-कांद्याच्या तयार ग्रेव्हीत काजूची पेस्ट घातली की असे होते, आणि ही ग्रेव्ही तिथे पनीरपासून अंड्यापर्यंत सगळ्याला चालते हे शेजारच्या टेबलावरच्या वाट्या पाहून लक्षात आले. कळण्याची भाकरी सांगितली होती, आली साधी ज्वारीची. ज्वारीबरोबर अख्खे उडीद आणि मीठ दळलेले असले की भाकरीला जो किंचित काळपट रंग आणि चिकटपणा येतो, तो लपत नाही. आमच्या यजमानांनी तुकडा मोडल्याबरोबर माझ्याकडे पाहिले. फुनके आणि कढी मात्र इतकी सुरेख होती की आम्ही ती दुसऱ्यांदा मागवली. तुरीची डाळ भरड वाटलेली, वाफ नेमकी बसलेली, आणि कढीत लसणाची फोडणी सढळ हाताने दिलेली. म्हणजे स्वयंपाकघरात कोणीतरी आपल्याकडचे आहे, फक्त त्याला सगळ्या पातेल्यांना हात लावू देत नाहीत, असा मी निष्कर्ष काढला.

बिलात जीएसटीखेरीज दहा टक्के सेवा शुल्क लावलेले होते. मुलगा देऊन टाकत होता, मी थांबवले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार हे शुल्क हॉटेलाला आपणहून बिलात घालता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. मी शांतपणे एवढेच म्हटले की हे काढून द्यावे. व्यवस्थापकाने एका शब्दानेही वाद न घालता दुसरे बिल आणले, यावरून असे मागणारी मी पहिली नव्हते हे उघड झाले. कोणी अडून बसले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. वाढप्याच्या हातावर मात्र आम्ही वेगळे पैसे ठेवले, कारण तिसरी वाटी कढी त्यानेच न सांगता आणली होती.

शहाद्याहून, शेतकरी

आमच्या भागातल्या माणसाला मोठे शहर म्हणजे सुरत. धाकटा भाऊ उधन्याला कापडाच्या कारखान्यात आहे. उधना आणि लिंबायत या भागांत आपली माणसे एवढी आहेत की रस्त्यावर गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडते. तिथल्या एका खानावळीत आम्ही रविवारी मटण-भाकरी जेवलो. चार बाकांची जागा आहे आणि नंबर लावावा लागतो. रस्सा काळ्या मसाल्याचा होता, तेल मापात होते, आणि मिरची नंदुरबारहून आणतो असे मालकाने सांगितले. मी त्या बाजारात दर वर्षी मिरची घेऊन जातो, तेव्हा रंगावरून ते खरे वाटले. कामावरून आलेली पोरे चार-चार भाकरी चुरून जेवत होती आणि कोणी बोलत नव्हते. उणे म्हणाल तर मटणाचे तुकडे लहान होते. दुसऱ्या दिवशी भावाने हौसेने लोचो खाऊ घातला, तोही चांगला होता, पण त्याबद्दल मला फारसे कळत नाही.

अमळनेरहून, शिक्षिका

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून अवकाश आहे, तरी मांड्यांचा अनुभव लिहिते. जळगावातल्या एका हॉटेलात शनिवार-रविवारी आगाऊ सांगितल्यास खापरावरची पुरणपोळी मिळते, असे कळल्यावरून आम्ही चौघी मैत्रिणी गेलो. पोळी करणाऱ्या बाईंना समोरच बसवलेले आहे, हे मला आधी दिखाऊपणाचे वाटले होते. परंतु त्यांनी पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत-झेलत कोपरापर्यंत वाढवत नेला आणि उपड्या खापरावर एका झटक्यात पसरला, तेव्हा आमच्यापैकी दोघी जेवण सोडून उभ्या राहिल्या. माझी आई हे करायची. मला ते कधी जमले नाही, आणि गॅसवर तर ते जमण्यासारखेही नाही, कारण खापर सगळीकडून सारखे तापायला खाली लाकडाचा रुंद जाळ लागतो. पहिला मांडा ऊन ऊन आला तो अप्रतिम होता. सोबत रशी होती, कुरडई होती, भजी होती. घोटाळा दुसऱ्या वाढपात झाला : गर्दी वाढल्यावर सकाळी करून घडी घालून ठेवलेले मांडे गरम करून येऊ लागले, आणि घडीवर चिरा पडलेल्या त्या मांड्यांतून पुरण सांडत होते. बाईंना त्याचे वाईट वाटत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. बाराच्या आत जावे, एवढीच सूचना करते.

जळगावजवळ भरीत केंद्र चालवणारा एक व्यावसायिक

वरचे सर्व अनुभव वाचले. ताईंनी वर्णन केलेले केंद्र माझे नाही, मोडक्या खुर्च्या मात्र माझ्याकडेही आहेत. एक गोष्ट गिऱ्हाइकांना सांगावीशी वाटते. भरताची खरी चव नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच का असते, तर थंडीत वांगे भरते आणि त्याच सुमारास कपाशीची वेचणी संपून शेते मोकळी होऊ लागतात. गुलाबी बोंडअळीमुळे कपाशीचे शेत डिसेंबरअखेर रिकामे करा, असे कृषी खाते सांगते, त्यामुळे काड्याही तेव्हाच मुबलक मिळतात. मी त्या रचून ठेवून उन्हाळ्यापर्यंत पुरवतो, पण वांगे कुठून आणणार? मे महिन्यात लोक हट्टाने भरीत मागतात, आम्ही मिळेल ते वांगे भाजतो, आणि मग ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ असे ऐकून घेतो. यंदा मी मार्चअखेर भरीत बंद करून फक्त शेवभाजी आणि पाटोडी ठेवण्याच्या विचारात आहे. धंदा बुडेल असे घरचे म्हणतात.

पुन्हा भुसावळहून

भाऊ, बंद कराच, आम्ही पाटोडी खायला येऊ. आपणच आलात तर एक शंकाही विचारून घेतो. लेकीसाठी मी रात्रीच्या गाडीने दोन किलो भरीत पुण्याला नेले, सकाळी डबा उघडला तर भरताला पाणी सुटलेले होते. आपल्याकडून बांधून घेताना पात वेगळी मागावी, की फोडणीच तिथे गेल्यावर द्यावी?

भरीत केंद्राचे व्यावसायिक

काका, दोन्ही वेगळे न्यावे. नुसता घोटलेला गर पूर्ण गार करून डब्यात भरावा, झाकण गार झाल्याशिवाय लावू नये. फोडणी लेकीला तिथे करू द्यावी, आणि पात तिने त्या फोडणीत अगदी शेवटी घालावी.