बेळगावजवळच्या सांबरे विमानतळावर नौदलाचा तळ हवा की नको?

टिळकवाडीकर: एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-एम लढाऊ विमानांचा करार झाला. ती 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावर राहणार म्हणून सगळे खूश. पण जहाज बंदरात शिरण्याआधीच जेट किनाऱ्यावरच्या तळावर उडून जातात. स्क्वॉड्रनचं, म्हणजे विमानांच्या तुकडीचं, घर जमिनीवरच असतं. नौदलाच्या मिग-२९के लढाऊ विमानांचं घर म्हणजे गोव्यातल्या दाभोळीचा 'हंसा' तळ, आणि तिथे त्याच धावपट्टीवर पर्यटकांची विमानं. चोर्ला घाट उतरलं की गोवा. मग दुसरा तळ आपल्या सांबऱ्याला का नको? खारा वारा नाही, गंजाची कटकट कमी.

धावपट्टीवाला: नकाशावर सगळंच जवळ दिसतं हो. सांबरे समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, धावपट्टी जास्त लागते. आणि 'हंसा'ची खरी किंमत तिथल्या सरावाच्या सोयीत आहे: जहाजाच्या डेकसारखा स्की-जंप (उड्डाणासाठीचा चढ), उतरणारं विमान अडवणाऱ्या आडव्या तारा. सप्टेंबर २०१९ मध्ये नौदलाच्या तेजसने शेपटीचा हूक आधी तिथल्या तारेत अडकवला, मग जानेवारी २०२० मध्ये 'विक्रमादित्य' या विमानवाहू जहाजावर उतरलं. हे सगळं घाटमाथ्यावर परत बांधायचं?

टिळकवाडीकर: परत कशाला? सराव तिथेच करा. इथे देखभाल आणि जादा विमानं ठेवा. गोव्यातलं मोपाचं नवं विमानतळ २०२३ ला सुरू झालं तरी दाभोळीची नागरी वाहतूक काही बंद झालेली नाही. सगळी जेट एकाच तळावर ठेवणं युद्धात महागात पडेल.

धावपट्टीवाला: दुसरा तळ हवा, हे मान्य. पण तो किनाऱ्यालाच हवा. 'विक्रमादित्य' कारवारला असते, आणि अंकोल्याजवळ अलगेरीला नौदलाच्या विमानतळाचं ठरलेलं आहेच.

पूर्वभागातला शेतकरी: देखभाल म्हणजे हँगर, हँगर म्हणजे जमीन. ती कुणाची, ते कुणीच बोलत नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकातल्या रानात यंत्रं घातली तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो, तुम्ही टिळकवाडीत. देशासाठी द्यायला ना नाही, आमच्याकडं घरटी फौजी आहेत. पण आधी मोबदल्याचं बोला, मग विमानांचं.

कारवारचा पाव्हणा: शेतकरीदादा, विचारा आम्हाला. सीबर्डसाठी, म्हणजे कारवारच्या नौदल तळासाठी, गावंच्या गावं उठली. विस्थापितांची गाऱ्हाणी अजून चालू आहेत.

टिळकवाडीकर: मी नवी जमीन म्हटलंच नाही. सांबऱ्यात हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे, आवार मोठं आहे. तिथेच भागवा.

धावपट्टीवाला: म्हणजे हवाई दलाच्या आवारात नौदलाचा संसार! बोर्ड मराठीत की कन्नडात, हे भांडण तर अजून सुरूच झालं नाही.

पूर्वभागातला शेतकरी: आवारात भागवणार म्हणतासा. शाळेच्या मैदानात जेट उभी करणार काय? शेवटी कुंपण आमच्याच बांधावर येणार.